पुतळाला वाचायला शिकवलं त्याची हकिकत

शाळेतून चिठ्ठी आली तेव्हा मी ओट्यावर बसून निम्म्या गल्लीला वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो. हा आमचा रोज संध्याकाळचा कार्यक्रम. शेजारच्या तात्यासाहेबांची वेताची खुर्ची उजव्या हाताला, बाकीची मंडळी पायऱ्यांवर आणि मी मधोमध चष्मा लावून. पेपर हैदराबादचा, उर्दू. मी डोळ्यांनी उर्दू वाचायचो आणि तोंडानं मराठी बोलायचो, मध्ये क्षणभरही अडखळायचो नाही. त्यामुळे राजाबाजारात माझी अशी ख्याती होती, की पुंजारामरावांसारखा वाचणारा माणूस पार पैठण गेटपर्यंत सापडायचा नाही. ही ख्याती मी कधी नाकारली नाही. आपल्याबद्दल चांगलं बोलणाऱ्याचं तोंड कशाला धरा?

तेवढ्यात आमची पुतळा दप्तर आपटत आली. वय सात, अंगकाठी नऊ वर्षांच्या पोरीची आणि आवाज तेरा जणींचा.

"बाबा, हेडमास्तरांनी चिठ्ठी दिली. वाचून सही करा म्हणले."

चिठ्ठी मराठीत होती.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर पुढची हकिकत कळायची नाही. मला मराठी वाचता येत नव्हतं. बोलण्यात मी कुणाला हार जाणारा नाही, पण कागदावरची मराठी दिसली की मला घाम फुटायचा. माझं शिक्षण निजामाच्या मदरशात, मिडलपर्यंत, सगळं उर्दूत. उस्ताद मारायचे चांगले, त्यामुळे उर्दू पक्की. नोकरी लागली अहलकाराची, म्हणजे कारकुनाची, तीही उर्दूतच. मग पोलीस ॲक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं, रझाकार गेले, गल्लीत पेढे वाटले गेले. मीही वाटले. वाटताना हे काही लक्षात आलं नाही, की उद्यापासून आपण अडाणी होणार आहोत. हळूहळू दुकानांच्या पाट्या बदलल्या, मग कचेरीतले हुकूम बदलले. मी धावपळ करून जुन्या दफ्तरात बदली मागून घेतली. तिथं जुन्या मिसली, म्हणजे फायली, आणि वाळवी यांच्याशिवाय कुणी नव्हतं आणि दोघांचंही मराठीवाचून काही अडत नव्हतं. मराठीत सही तेवढी शिकून घेतली, मोराचं चित्र काढायला शिकावं तशी. सात-आठ वर्षं झाली, पण ही गोष्ट मी घरातसुद्धा कुणाला कळू दिली नव्हती.

"काय म्हणतात हेडमास्तर?" तात्यासाहेबांनी विचारलं. तात्यासाहेब म्हणजे रिटायर गिरदावर. घोड्यावर बसून गावोगावची पिकं तपासण्यात जन्म गेलेला, त्यामुळे दुसऱ्याच्या शेतात डोकावण्याची सवय काही सुटलेली नव्हती. शिवाय ते शाळेच्या कमिटीवर होते.

मी चिठ्ठीवरून डोळे फिरवले. पहिल्यांदा उजवीकडून डावीकडे, मग चूक लक्षात आल्यावर डावीकडून उजवीकडे. मान डोलावली.

"पोरीचं कौतुक केलंय," मी म्हणालो आणि खाली झोकात सही ठोकली.

घरात शिरा झाला. तात्यासाहेबांकडे वाटी गेली. पुतळा जरा चमत्कारिक नजरेनं बघत होती, पण शिऱ्यापुढं तिनंही चौकशी केली नाही.

तिसऱ्या दिवशी गुलमंडीवर हेडमास्तर मल्हारराव भेटले. सरळ माणूस. त्यांनी माझा हातच धरला. "पुंजारामराव, तुमच्यासारखा पालक पाह्यला नाही. दुसरा कुणी असता तर भांडायला आला असता. तुम्ही मुकाट सही केली."

"त्यात काय एवढं," मी म्हणालो. आपण कशाला कबूल झालो आहोत हे ऐकायला माझा जीव नुसता तळमळत होता.

ते हळूहळू बाहेर आलं. पुतळाला वाचता येत नव्हतं. पहिलीचं अख्खं पुस्तक तिला तोंडपाठ होतं, ती पान उलटायची ते सुद्धा बरोबर जागी, पण बोट तिसऱ्याच ओळीवर असायचं. वर्गात पन्नास पोरी. फळ्यावरचं सगळ्याजणी एका सुरात म्हणायच्या, तीही म्हणायची, तेही सगळ्यांच्या वरच्या पट्टीत. मास्तरांना वाटायचं हीच सगळ्यांत हुशार. आता मल्हाररावांच्या लक्षात आलं होतं. चिठ्ठीत लिहिलं होतं ते असं: वडिलांनी महिनाभर घरी शिकवावं. दिवाळीच्या सुट्टीआधी कमिटीसमोर तिनं न पाहिलेलं पान वाचून दाखवावं. नाही जमलं तर तिला परत बिगरीत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, बसवण्यास पालकांची हरकत नाही. खाली सही, पुंजाराम. एक नंबर सही.

घरी येऊन सांगितलं तर पुतळानं भोकाडच पसरलं. "मी नाय जाणार बिगरीत! तिथली पोरं बारकी हायत. माझे पाय त्या बाकाखाली मावत नाहीत. समद्या पोरी मला हसतील." आणि मग रडणं एकदम थांबवून म्हणाली, "बाबा, तुमी शिकवणार ना? तुमाला तर समदं येतं."

"येणार नाय तर काय," तिची आई म्हणाली. "अख्खी गल्ली त्यांच्या तोंडाकडं बघती. घरच्या पोरीला नाय शिकवलं तर ते वाचणं काय चुलीत घालायचं?"

मी परसात जाऊन तीन वेळा हातपाय धुतले.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. चतुराबाई म्हणून समोर एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांनी जिभेला वेखंड लावायला सांगितलं. पुतळाची जीभ आधीच गल्लीभर पुरत होती, तिला आणखी धार लावण्यात अर्थ नव्हता. तात्यासाहेबांनी आपला अनुभव सांगितला. "पोरगं अन् घोडं सारखंच, पुंजारामराव. लगाम ढिला सोडला की बसलं. रोज पहाटं उठवा, थंड पाण्यानं आंघोळ, अन् एका पायावर उभं करून बाराखडी. मी माझ्या पोराला तसाच शिकवला." त्यांचा मुलगा सिल्लोडला आडतीवर मक्याची पोती मोजत होता. याची मी त्यांना आठवण करून दिली नाही.

खरी अडचण पुस्तकाची होती. जुनं पुस्तक पुतळाला पाठ, म्हणजे निरुपयोगी. नवं त्याच वर्षी बदललेलं आणि गुलमंडीच्या दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे ते पुण्याहून निघालेलं. चार दिवस मी रोज गेलो. रोज ते निघालेलंच होतं. शेवटी मल्हारराव म्हणाले, शाळेच्या कपाटात एक जादा प्रत आहे, पण ती सरकारी मालकीची. खात्याची परवानगी आणा, देतो. मी खात्याच्या कचेरीत गेलो. कचेरी मला नवी नव्हती. दरखास्त लिहिणं हा तर माझ्या हातचा मळ. तिथंच उभ्या उभ्या फर्मास उर्दूत लिहून टेबलावर ठेवली. टेबलामागचा पोरगा विशीतला. त्यानं कागद हातात घेतला, फिरवला, परत फिरवला आणि म्हणाला, "काका, हे आता चालत नाय. मराठीत आणा."

म्हणजे पोरीला मराठी शिकवायचं पुस्तक मिळवण्यासाठी मला आधी मराठी यायला हवं होतं. कचेऱ्यांचा न्याय मला ठाऊक होता, पण आजवर मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून तो देत आलो होतो.

कोर्टाबाहेर लिंबाखाली सांडू नावाचा अर्जनवीस बसायचा. गुडघ्यावर फळी ठेवून लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. मी आजूबाजूला पाहून त्याच्यासमोर बसलो. त्यानं काय पाहिजे ते ऐकलं, टाक शाईत बुडवला आणि एका दमात लिहून वाचून दाखवलं: "अर्जदार नामे पुंजाराम याची अल्पवयीन मुलगी नामे पुतळा ही अक्षरशत्रू असून, अर्जदाराने वारंवार समज देऊनही तिने वाचन केलेले नाही. सबब पुस्तक नग एक अर्जदाराच्या ताब्यात देण्याचा हुकूम व्हावा."

"जरा कडक झालं," मी म्हणालो.

"रावसाहेब, कडक नसलं तर वरचा वाचत नाय."

हुकूम झाला. पुस्तकाच्या पानोपानी तीन शिक्के, आत सूचना: खराब केल्यास पालक जबाबदार. मी ते उपरण्यात गुंडाळून घरी आणलं. आणताना वाटेत दोनदा उघडून पाहिलं. पहिल्या पानावरचं चित्र कळलं. मगर होती.

आता पुस्तक होतं, पोरगी होती, उरला होता फक्त मास्तर. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी परत सांडूसमोर जाऊन बसलो. आधी नसलेल्या जावयाला शिकायचंय म्हणालो, मग एका मित्राला, मग त्याला काहीच पटत नाही असं बघून खरं काय ते सांगून टाकलं. सांडू हसला नाही. "लई येतात रावसाहेब," तो म्हणाला. "अर्ज लिव्हायला म्हणून बसतात अन् मग हळूच इचारतात. चहा सांगा." तेव्हापासून रोज दुपारी एक पान. सांडूजवळ शिकवायला अर्जांशिवाय काही नव्हतं, म्हणून आधी त्यातले शब्द. आठवड्याभरात मी 'प्रतिवादी गैरहजर' धडाधड वाचू लागलो. 'गाय गवत खाते' मात्र अजून जड जात होतं. पण एका पानानं का होईना, मी पोरीच्या पुढं होतो आणि मास्तराला तेवढं पुरतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

शिकवणी संध्याकाळी, पेपरवाचनानंतर. मदरशात जसं शिकलो तसंच शिकवायला बसलो. उस्ताद गादीवर, पुस्तक उस्तादांपुढं आणि शागीर्द समोर मांडी घालून. आमच्या उस्तादांकडेही एकच पुस्तक असायचं. मी पाटावर बसलो, सरकारी पुस्तक माझ्यापुढं रेहेलीवर, पोथी ठेवायच्या लाकडी घडवंचीवर, उघडलं, पुतळाला समोर बसवलं आणि बोरूनं एकेक अक्षर दाखवायला लागलो. पहिल्या दिवशी चार अक्षरं झाली. मी खूश, ती खूश.

दुसऱ्या दिवशी तिनं पुस्तक धरलं आणि आपल्याकडे फिरवलं.

मी अक्षराकडे बघितलं. काल सांडूनं घोटून घेतलेलं अक्षर, पण डोक्यावर उभं राहिल्यावर त्याची ओळख पटेना. ग होतं की म होतं, की प्रतिवादीतलं कुणी होतं, काही कळेना. माझ्या कपाळावर घाम आला. पुतळा माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"पुस्तकाला हात लावायचा नाही," मी ओरडलो. "सरकारी आहे. शिक्के दिसत नाहीत का?"

तिनं गुपचूप पुस्तक होतं तसं ठेवलं. पुढं कधी हात लावला नाही. शिस्त म्हणतात ती अशी लागते, असं मी मनात म्हटलं. हे वाक्य मी आता मोठ्या शरमेनं लिहितो आहे.

मग गाडी अशी सुटली की मीच चकित झालो. मी बोरू ठेवायचा अवकाश, की ती अक्षर सांगायची. पंधरा दिवसांत जोडून वाचायला लागली. पाटीवर लिहायला दिलं तर लिहायची आणि मला इकडून एकेक अक्षर अगदी सरळ, टपोरं दिसायचं. मी शाबासकी द्यायचो. एकदा तिच्या आईनं वाण्याकडून आलेला गुळाचा कागद तिच्यापुढं टाकला. तिनं तो हातात घेऊन फिरवला आणि खडाखडा वाचला.

"ही कागद फिरवून का घेती हो?" आईनं विचारलं.

"चिकट बाजू टाळते," मी म्हणालो. शिक्षकाला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ठेवावं लागतं.

इकडं घरात असा उजेड पडत असताना बाहेर वेगळंच शिजत होतं. मी रोज दुपारी अर्जनवीसापुढं बसतो, हळू आवाजात बोलतो, कुणी आलं की कागद झाकतो, हे दहा माणसांनी पाहिलं होतं. असा माणूस काय करत असतो? दावा. आणि कुणाविरुद्ध? आमच्या आणि तात्यासाहेबांच्या घरांच्या मध्ये एक मोरी आहे. आमच्या न्हाणीचं पाणी त्यांच्या ओट्याखालून जातं. त्यावर दोन्ही घरांत वर्षानुवर्षं बरंच काही मनात होतं आणि सभ्यपणामुळे ते मनातच होतं. ते आता गल्लीनं बाहेर काढलं.

पहिल्या दिवशी तात्यासाहेबांची खुर्ची ओट्यावर आली नाही. दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवरचे दोघे कमी झाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मोरीच्या तोंडाशी दोन मोठे दगड आणून ठेवले आणि आमची न्हाणी तुंबली. मी विचारायला गेलो तर दारातच उभे.

"आता जे काय बोलायचं ते कोर्टात बोला, पुंजारामराव."

"कसलं कोर्ट?"

"आम्हाला काय येडं समजता? सांडूकडं रोज काय भजन करता काय? 'प्रतिवादी, प्रतिवादी' म्हणताना आमच्या माणसानं सोताच्या कानानं ऐकलं."

आता बोला. खरं सांगावं तर आयुष्यभराची अब्रू जाते, न सांगावं तर शेजार जातो. मी म्हणालो, "तात्यासाहेब, तुमची शपथ, तो प्रतिवादी तुम्ही नाही."

"मग कोण हाय?"

मी परत फिरलो. पेपर वाचायला बसलो तर समोर एक चतुराबाई आणि एक कुत्रं. त्यातलं कुत्रं शेवटपर्यंत थांबलं. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. कचेरीत मिसली उघडायचो, बांधायचो, परत उघडायचो. सांडूला म्हटलं, निदान गाईगुरांचे शब्द तरी मोठ्यानं शिकव. तो म्हणाला, रावसाहेब, गाईवर पण दावे होतात.

एकच समाधान होतं, पोरगी तयार होती. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तिनं शेवटचा धडा न थांबता वाचला आणि मला विचारलं, "बाबा, आता बिगरीत नाय ना?"

"बाप जिवंत आहे तोवर नाही," मी म्हणालो.

परीक्षा हेडमास्तरांच्या खोलीत. टेबलामागे मल्हारराव, बाजूच्या खुर्चीवर कमिटीतर्फे तात्यासाहेब, माझ्याकडे पाठ करून. मी भिंतीला टेकून उभा. पुतळा नवं परकर-पोलकं घालून टेबलासमोर. मल्हाररावांनी दुसरंच एक पुस्तक काढलं, मधलं पान उघडलं आणि मोठ्या प्रेमानं तिच्यासमोर सरळ ठेवलं.

"वाच बाळा."

पुतळानं पानाकडे पाहिलं. तोंड उघडलं. मिटलं. मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या.

"घाबरू नको. पहिलं अक्षर सांग."

काही नाही. तिचे कान लाल झाले. मला वाटलं जमीन दुभंगावी आणि आधी तात्यासाहेबांना आणि मग मला पोटात घ्यावं. मल्हाररावांनी सुस्कारा सोडून पुस्तक मिटायला हात पुढं केला, तेवढ्यात पुतळा म्हणाली, "गुरुजी, मी पुस्तक फिरवून वाचू का?" आणि उत्तराची वाट न पाहता पुस्तक गर्रकन फिरवून उलटं केलं आणि सुरू झाली. काय सुटली! स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, अख्खं पान.

"पाठ असंल," तात्यासाहेब म्हणाले.

मल्हाररावांनी दुसरं पान काढलं, तिसरं काढलं. तिनं प्रत्येक वेळी फिरवून घेतलं आणि वाचलं. टेबलावर खात्याचं एक परिपत्रक होतं, तेही वाचलं. मल्हारराव स्वतः ते पहिल्यांदाच ऐकत असावेत, कारण त्यांनी मध्येच दचकून तारीख लिहून घेतली. मग त्यांनी पुस्तक पुन्हा सरळ केलं. पुतळा परत मुकी.

मल्हाररावांनी चष्मा काढून पुसला. "पंचवीस वर्षं झाली मास्तरकी करून, असं पाह्यलं नाही. पोरी, शिकवताना पुस्तक कुणाकडं तोंड करून असायचं?"

"बाबांकडं."

"अन् तू?"

"समोर."

"मग तू फिरवून का नाय घेतलं?"

"घेतलं होतं एक डाव," पुतळा म्हणाली. "मग बाबा गप बसले. त्यांना घाम आला." तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मोठ्या समजुतीनं मल्हाररावांना सांगितलं, "मला उलटं येतं गुरुजी. बाबांना येत नाय. म्हणून मीच उलटं शिकले."

तात्यासाहेब खुर्चीत वळले. त्या दारातल्या बोलण्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मल्हारराव बोलले ते हळू बोलले. "हुशार आहे, शंका नाही. पण पुंजारामराव, पायाच उलटा पडलाय. उद्या वर्गात फळा कोण उलटा टांगणार? मला वाटतं बिगरीतून परत एकदा, पहिल्यापासून..."

पुतळा रडली नाही. तिनं नुसता खालचा ओठ दातांत धरला आणि आपल्या लांब पायांकडे बघितलं. महिनाभर या पोरीनं माझी अब्रू समोर मांडी घालून सांभाळली होती आणि मी तिच्यावर शिक्के दाखवून ओरडलो होतो. अब्रू म्हणजे तरी काय मोठी, एका पेपरावर आणि एका वेताच्या खुर्चीवर उभी.

"गुरुजी," मी म्हणालो, "चूक पोरीची नाही. मला सरळसुद्धा धड येत नाही."

"म्हणजे?"

"मला मराठी वाचता येत नाही. उर्दू येते. पेपर उर्दू असतो, मी सांगतो मराठीत. तुमची चिठ्ठी मी न वाचता सही केली. घरी कौतुक म्हणून सांगितलं, शिरा खाल्ला. रोज दुपारी सांडूकडे एक पान शिकायचो आणि संध्याकाळी तिला शिकवायचो. पुस्तक माझ्याकडे सरळ नसतं तर मला कळलंच नसतं. बसवायचं तर मला बसवा बिगरीत."

मला आता फार मोकळं वाटेल अशी अपेक्षा होती. तसं काही वाटलं नाही. नुसती लाज वाटली, कानशिलं तापली, पण मी जागचा हललो नाही.

"मग सांडूकडं ते प्रतिवादी?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"वाचनाचा सराव."

"अन् दावा?"

"कसला दावा, तात्यासाहेब. मला 'मोरी' हा शब्द अजून लिहिता येत नाही."

तात्यासाहेबांनी हातातली काठी भिंतीला टेकवली. "मी पार वकील गाठला होता हो," ते पुटपुटले. मग घसा साफ करून मल्हाररावांना म्हणाले, "पोरीला पहिलीतच राहू द्या. वाचती तर हाय. दिशा बदलायला कितीक दिस लागतात? घोडं तोंड फिरवतंच की."

मल्हाररावांनी विचार केला. "सुट्टी संपेपर्यंत मुदत देतो. पण पुस्तक पोरीकडं तोंड करून पाहिजे."

"मग मी कुठं बसू?"

"तिच्या शेजारी बसा की," मल्हारराव म्हणाले, जणू यात अवघड काही नव्हतं.

रजिस्टर पुढं आलं. मल्हाररावांनी शेरा लिहिला, सही केली आणि कमिटीच्या सहीसाठी तात्यासाहेबांकडे सरकवलं. त्यांनी टाक घेतला, क्षणभर थांबले आणि सही केली. उजवीकडून डावीकडे. आम्ही तिघांनीही ती पाहिली आणि मल्हाररावांनी रजिस्टर मिटलं.

संध्याकाळी मोरीवरचे दगड निघाले होते. पेपर मी वाचला नाही, कुणी मागितलाही नाही. मी पाट उचलून भिंतीशी ठेवला आणि पुतळाच्या शेजारी जमिनीवर मांडी घातली. तिची आई दारात येऊन बघून गेली. नंतर दोन वाट्या चहा आणून आमच्या मध्ये ठेवला. पुस्तक तिच्या गुडघ्यावर आणि माझ्या गुडघ्यावर अर्धं अर्धं होतं. तिला सरळ वाचायची सवय नव्हती, मला बाजूनं वाचायची नव्हती. बोट ठेवून निघालो. एक शब्द तिनं लावला, एक मी. तिसऱ्यावर दोघेही अडलो. ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली, अगदी त्या दुसऱ्या दिवशीसारखी, आणि मला आतून ओरडायची तीच जुनी उबळ आली. ती मी गिळली.

"पुतळे," मी म्हणालो, "हे मला येत नाही."

"मलाबी नाय!" ती म्हणाली. एवढ्या आनंदानं म्हणाली, की तिच्या हातातल्या वाटीतला चहा पुस्तकावर सांडला, बरोबर शिक्क्यांवर.